राखणदाराचं पातेलं

प्रिय वसंता,

तुला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. होतास तेव्हा माझ्या पत्रांना उत्तर देत नव्हतास, आता काय देणार? पण काल आटपाडीकडचे सिदूबापू मेंढरं घेऊन सांगलीच्या बाजाराला आले आणि थेट माझ्या दारात उभे राहिले. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. आज संस्कृतच्या वर्गात 'राम' चालवताना चतुर्थीवरच अडकले. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

तुझं संशोधन मला समजावायला तू जेवणाचीच वेळ का निवडायचास रे? मेंढराच्या काळजावर पाण्याने भरलेले फोड. तो फोड कच्चा खाल्ला की कुत्र्याच्या आतड्यात जोंधळ्याच्या दाण्याहून लहान पट्टकृमी. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, गवतातून पुन्हा मेंढरात, आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या हातांवरून माणसात. आणि माझ्या पानात आमटी!

मी मुलींना सारमेय, शुनक, कुक्कुर अशी कुत्र्याची नावं शिकवते. त्याच्या पोटात काय चाललंय याची चौकशी आपल्या घराण्यात तुझ्याआधी कुणी केली नव्हती. तू तर कुत्र्यांना जुलाब देऊन निरखत बसायचास! मुलगा काय करतो असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "सरकारात आहे."

माझ्या लोणच्याच्या दोन बरण्या अजून तू औषधात बुडवून ठेवलेल्या फोडांनी अडवलेल्या आहेत. टाकवतही नाहीत, बघवतही नाहीत.

पहिल्या वर्षी बापूंच्या वस्तीवर बिरोबाच्या जत्रेत तू सांगितलंस, फोडाचं काळीज कुत्र्याला टाकू नका, खोल पुरा. सिदूबापू उखडलेच. त्या वस्तीवर कुत्रा जेवल्याशिवाय माणसं जेवायला बसत नाहीत. लांडग्याला तोंड देणारा राखणदार तो, त्याचा वाटा आधी. "त्यो उपाशी आन् आमी जेवायचं? डॉक्टर, तुमच्यात असंल तसलं."

तू वाद घातला नाहीस. (घरी मिठावरूनसुद्धा घालायचास.) वेगळं पातेलं मागवलंस, राखणदाराचा वाटा त्यात रटरटा उकळवलास, आणि तो निवेपर्यंत अख्खी वस्ती ताटकळत बसली. पुढे दर वर्षी तेच. 'फोडाचा डॉक्टर' आला की पोरं म्हणायची, आज आपला नंबर कुत्र्यामागं. हळूहळू एरवीही मेंढरू कापलं की ते पातेलं चढायला लागलं. तू किती खूश होतास तेव्हा! मीच म्हणाले होते, कुत्र्यांचा आचारी झालास.

आता ऐक. येत्या अमावस्येला जत्रा आहे आणि तरणी पोरं म्हणताहेत, डॉक्टर गेला, त्याचं पातेलंही गेलं. बापूंची सून हिरा तुला आठवते ना? मिरजेला पोट फाडून जिचा फोड काढला, ती. तिचा मुलगा आता रांगायला लागलाय आणि दिवसभर कुत्र्याच्या अंगावरच लोळतो. बापूंचं घरात कुणी ऐकत नाही. त्यांना वाटतं, डॉक्टरची बहीण पातेल्यापाशी बसली तर पोरं गुमान राहतील.

मी म्हटलं, बापू, मी कांदासुद्धा खात नाही, मला तो वास सोसायचा नाही.

"आवं आक्का, वास कुत्र्याला येऊ द्या. तुमी निस्तं बसा."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते चहा पिऊन गेले आणि मी तेव्हापासून घरभर फेऱ्या घालते आहे. मला सांग, किती वेळ उकळायचं असतं? इतकं बोलायचास, नेमकं हेच कसं नाही सांगितलंस? का सांगितलंस, आणि मी पान सोडून उठून गेले होते?

तुझ्यावर राग येतो. पन्नाशीही न गाठता माणसाने असं अर्ध्यावर उठून जावं?

असो. अमावस्येच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीने मी निघते आहे. पदर नाकाला लावीन, पण पातेल्यापासून हलणार नाही, हा शब्द तुला. शिजलं की नाही ते मला कळायचं नाही, म्हणून चांगलं दुपार कलेपर्यंत उकळवीन. भुकेली पोरं शिव्या देतील. त्या मात्र तुझ्या नावावर घेशील ना?

तुझी,
अक्का