पिवळ्या भिंतीखालचा बूट

सोमवार, २९ मे

आज सकाळी बोटीकडे जाण्याआधी स्टुलावर चढून कपाटावरचा खोका काढला. रिकामा! आत नुसता कागद, आणि कागदात टाचेच्या आकाराचा खळगा.

बूट गेला.

काल बोटीतल्या एका डच बाईनं विचारलं नसतं तर मला वर्षभर पत्ता लागला नसता. पिवळ्या बंगल्याच्या भिंतीखालून चाललो होतो. मी नेहमीसारखं सांगत होतो – बंगला कुणी बांधला, लिंबाच्या कुंड्या हिवाळ्यात आत कशा नेतात. ती म्हणाली, "ते राहू दे. बुटाची भिंत हीच का?" तिची बहीण म्हणे गेल्या आठवड्यात आमच्याच धक्क्यावरच्या दुसऱ्या नावाड्याबरोबर फिरली. त्यानं तिला सगळी गोष्ट सांगितली, बूटही दाखवला. त्याच्या बायकोचा.

दुसरा नावाडी म्हणजे एलीजो. माझा धाकटा भाऊ. त्याला बायको नाही.

बायको माझी आहे. बूटही माझा.

मंगळवार, ३० मे

खरं काय ते एकदा नीट लिहून ठेवतो.

साविना पिवळ्या बंगल्यात कपडे धुवायला होती. पाण्यावर आलेल्या गच्चीवर ती चादरी वाळत घालायची. मी वडिलांची होडी घेऊन पहाटेची जाळी काढायला जायचो, आणि परत येताना त्या भिंतीखालून यायचो. बोलणं फार नाही. ती विचारायची, मासे मिळाले का. मी म्हणायचो, मिळाले. एवढ्यावर दोन उन्हाळे गेले. मग एका सकाळी तिनं आपल्या डाव्या पायातला बूट वरून माझ्या होडीत टाकला. शब्द नाही, काही नाही. मला जे विचारता येत नव्हतं त्याचं उत्तर आधीच आलं. द्राक्षं काढून झाल्यावर आमचं लग्न झालं. तिला मी नवे बूट घेतले. तो एक ठेवून दिला.

एलीजो तेव्हा शाळेत होता. नाक पुसायलाही शिकला नव्हता.

अजून एक आहे. ते कुणालाच माहीत नाही. त्या सकाळी होडीत जाळ्याखाली पिशवी होती. दोन सदरे, प्रार्थनेचं पुस्तक, आईनं विणलेले मोजे. सरोवराच्या वरच्या टोकाला जो मठ आहे तिथं मी निघालो होतो. कायमचा. शेवटचं एकदा पाहावं म्हणून वाट वाकडी केली, आणि बूट आला. मी होडी वळवली.

साविनाला हे कधी बोललो नाही. देवाच्या वाटेवरून आपण एका माणसाला मागं ओढलं, असं तिला आयुष्यभर वाटत राहिलं असतं. कशाला?

शुक्रवार, २ जून

हेवा करू नये. रोज सकाळी देवापुढे तसं म्हणतो. सकाळी जमतंही. मग दुपारी खालून ब्रेवा वारा सुटतो, पाणी उचलायला लागतं, आणि त्याच सुमारास एलीजोची पांढरी बोट पुढून जाते. पांढऱ्या गाद्या. बर्फात बाटली. तो एका हातानं चाक धरून उभा, दुसरा हात भिंतीकडे. आणि बोटीतल्या सगळ्या बायका मान वर करून बघतायत – माझ्या आयुष्याकडे!

माझ्या बोटीत लाकडी बाकं आहेत. इंजिनाशेजारी संत जोव्हान्नीचं चित्र. लोक विचारतात, गाद्या नाहीत का?

शनिवार, ३ जून

शेवटी साविनाला विचारलंच. ती मासे तळत होती.

"बूट कुठं आहे?"

"एलीजोला दिला." शेजारणीला किसणी दिल्यासारखं म्हणाली.

"का?"

"त्यानं मागितला. तू कधी काढलास वरून? धूळ मी पुसते."

मग म्हणाली, तो फार छान सांगतो, एकदा ऐक. मी विचारलं, तू कुठं ऐकलंस? तर लेन्नोच्या बाजाराला जाताना ती त्याच्या बोटीत बसली होती. गिऱ्हाइकं होती. त्यानं तिच्यादेखत सांगितलं! ती कोण हे कुणाला कळलं नाही. लोकांचे डोळे भरून आले. "माझेसुद्धा," म्हणाली, आणि हसायला लागली. मासा उलटायचा राहिला इतकी हसली.

माझ्याबरोबर इतकी कधी हसली ते आठवून पाहिलं.

रागानं जेवलो नाही. नंतर भूक लागली. ओट्याशी उभ्यानं खाल्लं. तोवर मासा गार झाला होता.

रविवार, ४ जून

डोंगरावरच्या मारियेच्या देवळात चालत गेलो. वाटेतल्या प्रत्येक घुमटीपाशी एलीजोसाठी एक प्रार्थना म्हणायची असं ठरवलं होतं. पहिल्या घुमटीपाशी म्हटली. दुसऱ्या घुमटीपाशी म्हटली. तिसरीपाशी लक्षात आलं की ओठ प्रार्थना म्हणतायत आणि मी मनात वेगळंच बोलतोय – की संत जोव्हान्नीचा सण झाला की एलीजोला सांगायचं, धक्क्यावरच्या वडिलांच्या पायऱ्यांवरून तुझी बोट काढ. पायऱ्या माझ्या नावावर आहेत. तो भाऊ म्हणून बांधतो.

दुसऱ्या गावात जाऊन बांध. तिथं भिंती पुष्कळ आहेत.

उतरताना फादर इलारिओंकडे पापकबुली केली. म्हणालो, हेवा वाटतो. कुणाचा? भावाचा. त्यानं तुझं काय घेतलं? बूट. जाळीपलीकडे ते जरा खोकले.

"प्रोविनो," म्हणाले, "मीही ऐकलीय ती गोष्ट. मे महिन्यात माझ्या बहिणीला घेऊन त्याच्याच बोटीत गेलो होतो."

म्हणजे फादरसुद्धा!

पाच वेळा 'नमो मारिया' सांगितलं. पायऱ्यांबद्दल मी काही बोललो नाही. ते अजून केलेलं नाही, मग सांगायचं काय?

बुधवार, ७ जून

आणला. एलीजो कॉफी प्यायला गेला होता. त्याच्या बोटीत बाकाखाली निळ्या मखमलीत गुंडाळून ठेवला होता. मखमल! मी इतकी वर्षं साध्या कागदात ठेवला.

मखमल तिथंच ठेवली. बूट माझ्या बोटीत फळीखाली आहे. बकल अजून तसंच वाकडं.

याला चोरी म्हणत नाहीत. आपली वस्तू आपण घेणं.

गुरुवार, ८ जून

एलीजो स्वतःच सांगत आला. बूट गेला म्हणे. "कुणीतरी बाईनं आठवण म्हणून नेला असणार. लोक किती हळवे असतात रे."

म्हटलं, असतात.

"काय रे मोठ्या, तोंड का असं? लिंबू चावलास?"

मी दोर गुंडाळत राहिलो.

शनिवार, १० जून

त्यानं बाजारातून एक चप्पल आणली. लाल. उन्हाळ्यातली. साविनाच्या पायात जन्मात जाणार नाही. ती दाखवतो आता. आणि लोक तिच्याकडेही तसेच बघतात!

म्हणजे बुटाचंही काही नाही. सगळं त्याच्या तोंडात आहे.

गुरुवार, १५ जून

दिवसभर एक फेरी नाही. बसून त्याच्या बोटी मोजायचं सोडलं. त्याची बोट एकच आहे. तीच सारखी जाते.

मंगळवार, २० जून

आज ऐकली.

मोठं अमेरिकन कुटुंब होतं. खाजगी फेरी हवी, पण एका बोटीत मावेनात. एलीजोनं हाक मारली – निम्मी तुझ्यात घे. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर एक म्हातारे गृहस्थ माझ्या बाकावर बसलेसुद्धा. भिंतीखाली दोन्ही बोटी लावल्या, इंजिनं बंद केली. मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आज माझ्यासमोर सांगणार नाही. क्षणभर थांबलाही. मग सुरू झाला.

मी रोज सकाळी इथून जायचो, म्हणाला. वर ती चादरी वाळत घालायची. मला बोलायचं असायचं आणि मी माशांबद्दल बोलायचो. लोक हसले. मीही हसलो असतो, इतकं खरं होतं ते. मग त्यानं आवाज उतरवला. एके दिवशी, म्हणाला, तिनं वरून बघितलं तर जाळ्याखालून पिशवीचा बंद बाहेर आला होता. तिला कळलं, हा निघाला. आता परत यायचा नाही. तिनं एका पायातला बूट काढला, टोपलीत ठेवला, आणि दोरीनं खाली सोडला. मी तो हातात घेतला, वर बघितलं आणि म्हणालो, "राहतो."

 पाणी भिंतीला लागत होतं. म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, तुझा भाऊ नशीबवान आहे.

म्हटलं, हो.

पण पिशवी! पिशवीचं मी कुणालाही सांगितलेलं नाही.

धक्क्यावर लोक उतरल्यावर त्याला गाठलं. पिशवीचं कुणी सांगितलं? तो दोर बांधायला वाकला. मग म्हणाला, साविनानं. केव्हाच. तिनं वरून पाहिली होती. "मला वाटलं तुम्ही दोघं याबद्दल बोलला असाल."

"आणि टोपली कुठून आली?"

"बूट टाकला म्हटलं तर परक्या लोकांना वाटतं, मारला. टोपली बरी."

तो बाटल्या गोळा करायला लागला. पाठ करून म्हणाला, "तुझीच गोष्ट आहे रे. पण तू सांगत नाहीस. माझ्याकडं स्वतःची एकही नाही."

पायऱ्यांचं आजच सांगून टाकायचं होतं. जीभ वळली नाही.

बुधवार, २१ जून

तिला माहीत होतं. लग्नाच्या दिवशी माहीत होतं. मी तिच्यावर ओझं नको म्हणून गप्प, आणि ती ते घेऊनच घरात आली.

मग ती का बोलली नाही? मला नाही सांगितलं, एलीजोला सांगितलं. दिवसभर हेच. जाळं फाटावं तसं एका ठिकाणाहून सुरू होतं आणि पुढं पुढं जातं.

गुरुवार, २२ जून

आता नीट कळलं मला कुणाचा हेवा वाटतो. गाद्यांचा नाही, बाटलीचा नाही. एलीजोचाही नाही फारसा. त्याच्या गोष्टीतल्या त्या माणसाचा. तो वर बघून म्हणतो, राहतो.

मी काहीच म्हणालो नव्हतो. बूट उचलला आणि उभ्यानं वल्ही मारली. ती वर उभी होती आणि मी पाठमोरा.

साविना त्या बाजाराच्या बोटीत रडली ती त्या एका शब्दासाठी असणार.

शनिवार, २४ जून

संत जोव्हान्नीचा सण. घरभर गोगलगायींचे शंख. साविना टेबलाशी बसून एकेकात तेल घालत होती, मी वाती लावत होतो. संध्याकाळी सगळं गाव हे दिवे पाण्यावर सोडतं. दरवर्षी आम्ही हे काम न बोलता करतो.

"उद्या बेटावरच्या देवळात मिस्सेची प्रार्थना झाली की थांब," म्हणालो. "एक फेरी मारू."

तिनं वर पाहिलं. "खाजगी?"

"खाजगी."

"गाद्या आहेत का?"

"नाहीत."

"मग विचार करते," म्हणाली, आणि पुढचा शंख उचलला.

रविवार, २५ जून

मिस्सेनंतर तिला एकटीला घेतलं. भिंतीखाली इंजिन बंद केलं. बूट फळीखालून काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि पहिल्यापासून सांगितलं. पिशवी, मठ, आईचे मोजे. शेवटी म्हणालो, तू बूट टाकलास म्हणून मी राहिलो. तेव्हा बोललो नाही, आता बोलतो – राहतो.

ती वाकडं बकल सरळ करत बसली. मग म्हणाली, "टाकला नव्हता रे. पडला. पिशवी कसली आहे ते बघायला कठड्याच्या गजांत पाय घालून इतकी वाकले की पायातून निसटला. ओरडून परत मागणार होते. पण तू तो असा उचललास, जसा कुणी वेदीवरून तुझ्या हातात दिलाय. मग कसा मागू?"

मी विचारलं, "हे एलीजोला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

संध्याकाळी धक्क्यावर एलीजोला बूट परत दिला. तो बघतच राहिला. म्हटलं, ती लाल चप्पल फेकून दे. बोट इथंच बांधत जा.

आणि गोष्टीतली टोपली राहू दे. छान आहे.