दसऱ्याला न उचललेली रॅकेट

तंजावूर,
३ ऑक्टोबर २०२५

ती. चंद्रमतीअक्का,

आधी तुझ्या पाया पडतो. भावोजींचा गुडघा कसा आहे? पापनाशमकडे कुरुवै भाताची कापणी उरकली असेल. इकडे तुझी भावजय भुवना बरी आहे, माझ्या सुटलेल्या पोटावर रोज भाषण देते.

फोन केला नाही, कारण फोनवर मी मुद्दा सोडून हसत बसतो. शिवाय देवनागरी तुझ्याशिवाय त्या घरात कोणाला वाचता येत नाही, ते बरंच आहे.

खंडेनवमीला दुकानात पूजा केली. रॅकेटींच्या तारा ओढायचं मशीन, चिमटे, कात्र्या, सगळ्यांना गंधफूल. तुझ्या मुरलीनं नेहमीसारख्या आपल्या रॅकेटी मांडल्या. दसऱ्याला पूजा उतरली की तो पहिली रॅकेट उचलतो आणि क्लबच्या भिंतीवर चार चेंडू मारून येतो.

काल त्यानं उचलली नाही.

मी म्हटलं, "राजा, मुहूर्त चालला."

तर म्हणतो, "मामा, मी मशीनवर बसू?"

अक्का, मी क्लबात चेंडू वेचून वाढलेला माणूस. चेंडू तारेवर कसा लागला ते मला पाठमोरं उभं राहूनही कळतं. उन्हाळ्यापासून त्याच्या सर्व्हिसचा आवाज बसलाय. खांदा गेला. डॉक्टर म्हणतात, पुन्हा कापलं तर हात वर जाईल, पण तो जोर येणार नाही.

त्याला खांद्याचं एवढं दुःख नाही. "अम्मा गल्लीभर विम्बल्डन सांगून बसलीय, मामा. तिला काय तोंड दाखवू?"

ट्युनिशिया, इजिप्त, कुठं कुठं पात्रता फेऱ्या खेळला. तिघांत एक खोली, उपाशीपोटी मॅच. आपल्या गावातून रॅकेट घेऊन एवढ्या लांब दुसरं कोण गेलं? गल्लीला हे सांग.

रविवारी तो तुझ्याकडे येतोय. खेळ सोडतोय, हे स्वतः सांगणार आहे. मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस. पुढची मॅच कधी, एवढं मात्र विचारू नकोस.

काल मशीनवर बसून त्यानं एका शाळकरी मुलीची रॅकेट विणली. तार ओढताना गुणगुणत होता. पुष्कळ दिवसांनी ऐकलं मी ते.

आधी त्याला जेवायला वाढ. रडायचं असेल तर सोमवारी इकडे ये, माझ्यापुढे रड. मीही अजून रडलेलो नाही.

तुझ्याइतकाच त्याचा,
रंगराव