धर्माजींची फाइल

भीमनगर,
दि. ३ सप्टेंबर २०२४

ती. कमळआत्यास,
क्रांतीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि ऑफिसात मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर लागून महिना झाला. काम एकच, जुन्या कागदांच्या फाइली नीट लावणं. चक्रीवादळात कपाटं भिजली तेव्हा माझ्या आधीच्या हितेशने घाईघाईने सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवले. बरं केलं, कारण कागद पुढे कुजलेच. पण त्याने दिलेली नावं वाचलीस तर कपाळावर हात मारशील. ‘नवीन’, ‘नवीन नवीन’, ‘फायनल’, ‘फायनल खरंच’, ‘साहेब बघतील’. अशा चार हजार फाइली. आमच्या कॉम्प्युटरला फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत, तो फक्त फाइलीचं नाव ओळखतो.

आपल्या वस्तीच्या फोल्डरला अजून ते जुनं, जातीचं नाव होतं. तो शब्द मी इथे लिहिणार नाही. असली नावं बदला असं सरकारने सांगून वर्षं झाली. मी सरळ ‘भीमनगर’ केलं. भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, पुन्हा होतं तसं करायला सांगितलं. सगळ्यांना तेच सवयीचं आहे म्हणे. मी केलं नाही आणि करणारही नाही.

तू पस्तीस वर्षं शाळेची कपाटं सांभाळलीस. चांगलं नाव कसं ठेवायचं ते कळव. बाबांचे गुडघे ठीक आहेत. आई तुझ्या आंबोशीची वाट बघते आहे.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
क्रांती

---

थळ,
दि. ९ सप्टेंबर २०२४

चि. क्रांतीस,
अ. उ. आ. आणि जयभीम.

पत्र पोचलं. ‘फायनल खरंच’ वाचून एकटीच इतकी हसले की शेजारची हेमाली काय झालं म्हणून बघायला आली.

आता ऐक. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, म्हणजे फाइली आपोआप रांगेत उभ्या राहतील. त्यानंतर जागा आणि मग काम. ‘नवीन’ कुठेही नको, नवीन हे एका दिवसापुरतंच नवीन असतं. ‘साहेब’ नको, साहेबांची बदली होते. तू तिथून गेल्यावर वीस वर्षांनी एखाद्या परक्या माणसाला कुणाला न विचारता कागद सापडला, तर नाव चांगलं. आणि कागदाच्या आत जे लिहिलंय त्याला हात लावू नकोस, कितीही ओंगळ असलं तरी. तो पुरावा आहे. बाहेरचं नाव मात्र आपण ठेवायचं, आणि ते तू ठेवलंस. मला अभिमान वाटला.

तुझ्या आजोबांना गाव ‘धर्म्या’ म्हणायचं. छप्पन्नच्या दीक्षेनंतर त्यांनी त्या हाकेला ओ देणंच बंद केलं. कुणी ‘धर्माजी’ म्हणेपर्यंत मान वळवायची नाही. एकदा किराणावाला मागून हाका मारत सुटला, बाबा भर पावसात भिजत घरी आले. त्यांची छत्री दुकानात राहिली होती, तीच द्यायला तो बिचारा बोलवत होता! आईने दोन दिवस काढा पाजला, पण त्यांना छत्रीचं काडीचंही दुःख नव्हतं. तेव्हापासून आपल्या घरात तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. तुझा कॉम्प्युटर मला बाबांच्याच वळणाचा वाटतो. नाव नीट घेतल्याशिवाय ओ देत नाही.

आंबोशी वस्तीतल्या सदाबरोबर पाठवते. लोभ आहेच, तो लिहून कशाला दाखवायचा.

तुझी,
कमळआत्या

---

भीमनगर,
दि. १७ सप्टेंबर २०२४

ती. कमळआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आंबोशी मिळाली, पण सदाकाकाने तिच्याबरोबर वाईट बातमीही आणली. खाडीकडच्या सुरूच्या बनात आपली स्मशानभूमी आहे ना, तिथून नव्या रिसॉर्टचा रस्ता काढायचं चाललंय. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय येणार. ती जागा वस्तीला दिल्याचा एकही कागद दप्तरात नाही, असं भाऊसाहेब सांगतात. सदाकाका पायरीवर बसून एकच म्हणत होता, कागद न्हाय तर जागा न्हाय, झालं.

आत्या, आजी तिथे आहे. आजोबा तिथे आहेत. तिथून गाड्या जाऊ द्यायच्या का?

मी ‘भीमनगर’ शोधलं, ‘स्मशान’ शोधलं, ‘खाडी’, ‘सुरू’, ‘धर्माजी’ सगळं शोधलं. काही नाही. एकेक फाइल उघडत सहाशेपर्यंत पोचले, अशाने दिवाळी येईल. भाऊसाहेब हसून म्हणाले की वस्तीचं जुनं नाव ठेवलं असतंस तर सापडलं असतं. ते खोटं आहे. त्या फोल्डरमध्ये नळाचे अर्ज सोडून दुसरं काही नव्हतं. पण माझ्याच हट्टाने काही हरवलं असेल का, हा विचार पाठ सोडत नाही. तुला काही आठवतं का, ते लगेच कळव.

तुझी आधार शोधणारी,
क्रांती

---

थळ,
दि. २१ सप्टेंबर २०२४

चि. क्रांतीस,
अ. उ. आ.

रडू नकोस. कागद आहे. एक्क्याण्णवच्या सव्वीस जानेवारीला ठराव झाला तेव्हा मी बाबांबरोबर तिथेच उभी होते. अर्ज बाबांच्या सहीचा. कारकुनाने अर्ज आणि ठराव एकत्र बांधून वर जे नाव लिहिलं ते बघून बाबांनी त्याला तिथेच खडसावलं होतं, तरी त्याने ते बदललं नाही. हितेशने बासनावरचंच नाव उतरवलं असणार.

तू ते शोधलं नसशील, कारण आपल्या घरातलं कुणीच शोधणार नाही. ज्या हाकेला बाबांनी दीक्षेनंतर जन्मभर ओ दिली नाही, तीच मार. एकदाच. हाताला कितीही जड वाटलं तरी मार. सापडलं की आधी नाव बदल, मग जगाला दाखव.

ग्रामसभेला मी येते आहे. सकाळची एसटी मिळाली नाही तर चालत येईन.

तुझी,
कमळआत्या

---

भीमनगर,
दि. ४ ऑक्टोबर २०२४

ती. कमळआत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

सभा उरकून तू लगेच एसटी गाठलीस, म्हणून बोलायचं राहिलेलं लिहिते. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते नाव टाइप केलं, एकदाच. एका क्षणात फाइल समोर आली, ‘धर्म्या अर्ज जुना नवीन’. अर्ज, ठराव, शिक्का, आजोबांची सही, सगळं त्यात. कागदाला हात लावला नाही. नाव मात्र तुझ्या नियमाने बदललं: ‘१९९१-०१-२६_भीमनगर_स्मशानभूमी_ठराव_अर्जदार-धर्माजी’.

पडद्यावर ते नाव सरपंचांनी अख्खं मोठ्याने वाचलं, तेव्हा तू पदर तोंडाला लावलास, मी पाहिलं. रस्त्याचा विषय तिथेच बारगळला. भीमनगर हे नावही आता फोल्डरवर राहणार, सभेच्या इतिवृत्तात तसं लिहून घेतलंय.

खरी गोष्ट काल घडली. तालुक्याला ठरावाची प्रत पाठवायची होती. मी कॉम्प्युटरकडे तोंड करून बसले होते. भाऊसाहेबांनी मागून सांगितलं की त्या धर्म्याची फाइल काढ. मी टाइप करत राहिले. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा वरच्या आवाजात. शिपाई तुळशीमावशी झाडू थांबवून बघत राहिली. मी मान वळवली नाही. शेवटी ते म्हणाले, धर्माजींची फाइल दे.

तेव्हा मी ओ दिली.

आजोबांची आणि तुझी,
क्रांती