स्थानिक भूल आणि शिंपीकाका

ती. मामा,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे तूर्त कागदावरच). बाकी मी ठणठणीत. मामीचं आणि तुमचं कसं चाललंय ते कळवा. तुमचं खरंखरं कळवा, "उत्तम" हा नेहमीचा छापील शब्द नको.

मी इथल्या इस्पितळात भाषांतरं करते हे तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या महिन्यात लघवीच्या विकारांच्या डॉक्टरबाईंनी चार पानं स्पॅनिश मजकूर पाठवला. प्रोस्टेटचा तुकडा तपासायला काढण्याआधी पेशंटने वाचून सही करायची ती पानं. आणि पेशंट चक्क मराठी! सहा वर्षांत या गावात मला मराठी बोलणारं माणूस भेटलं नव्हतं. हल्ली तर मी आरशाशी भांडते, जिभेला गंज चढू नये म्हणून. तेव्हा अंगात आल्यासारखी कामाला लागले. कोश काढून प्रोस्टेटची 'पुरःस्थ ग्रंथी' केली आणि लोकल अ‍ॅनेस्थेशियाची 'स्थानिक भूल'. माझ्यावर मीच खूश.

पेशंट म्हणजे एक निवृत्त शिंपी, मुलाकडे चार महिन्यांसाठी आलेले. चष्मा नाकाच्या टोकावर आणून त्यांनी पहिलं पान वाचलं आणि कागद परत केला.

"भूल स्थानिक म्हणता. म्हणजे चुकणार इथले लोक, आणि सही माझी?"

(मामा, मी हसले. डॉक्टरबाईंना वाटलं, पेशंट तयार झाला.) मग मी कोश मिटला. म्हटलं, काका, तेवढीच जागा बधिर करणारी सुई. मूळ कागदात 'तो भाग झोपी जातो' असं आहे, तेही सांगितलं. "तो झोपणार? दोन वर्षं मला झोपू देत नाही तो!" नमुन्याचे बारा बारीक तुकडे घेणार म्हटल्यावर मात्र चेहरा खुलला. कापडाचे नमुने त्यांनी जन्मभर कापले होते. सही झाली.

मला त्यांच्या उशाशी उभं केलं. सुई टोचली तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि जे बोलायला लागले ते थांबेचनात. दुकान, पायमशीन, काजं करता करता गुणगुणणारी बायको (तिला जाऊन तीन वर्षं झाली). मध्येच डॉक्टरबाईंनी विचारलं, दुखतंय का? काकांनी तीन मिनिटं उत्तर दिलं. मी भाषांतर केलं, "नाही." (माझ्या कोटाची बाही चुकीची बसवलीय, असं ते म्हणत होते.) त्यांनी पुन्हा "अगं पोरी" म्हणावं म्हणून मी उगाच काहीबाही विचारत राहिले. वीस मिनिटांत उरकलं. मनात आलं, डॉक्टरबाई बारा तुकड्यांवरच कशाला थांबल्या?

आठवड्याने रिपोर्ट आला : काळजीचं काही नाही. मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं. काका हसले, टोपी घातली आणि दारात घुटमळले.

"म्हणजे आता यायचं कारण नाही?"

"नाही, काका."

रविवारी ते परत घरी जाणार होते. आम्हा दोघांनाही आनंदच झाला होता, मामा, तरी बराच वेळ तिथे उभे राहिलो.

तुमची भाची

ता. क. मामीने मला काहीएक कळवलेलं नाही. पण तुमच्या प्रोस्टेटच्या तपासणीची तारीख तुम्ही तिसऱ्यांदा पुढे ढकललीत, ती आता ढकलू नका.

आणखी एक ता. क. नवी तारीख ठरली की लगेच कळवा, मी रजा टाकते. तिथले डॉक्टर तुमच्याशी मराठीतच बोलतील, माझं तिथे काही काम नसेल, हे मला कळतं. तरी बोलवा.