मोताळ्याची फ्लॉपी

१८ नोव्हेंबर १९९१, सोमवार

आला एकदाचा नवा संगणक! रक्तदाता मंडळाच्या खोलीत, माझ्या जुन्याला खेटूनच मांडला – सवत आणून बसवावी तसा. त्याच्या पोटातच सगळी नावं राहतात म्हणे. जुन्याला तसं पोट नाही. तालुक्याला एक फ्लॉपी, ती घातली की तो तालुका दिसतो. ही मांडणी माझी. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने, क्लास न लावता, पुस्तकावर बोट ठेवून ठेवून केलेली! नाव, गाव, रक्तगट, निरोप कोणाकडे द्यायचा – एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

आता ते नव्यात न्यायला शरयू नावाची मुलगी नेमली. संध्याकाळी संगणकाच्या क्लासात शिकवते. गोड बोलते. "काका, तुम्ही फक्त बसा." काऊन बसू?

जाताना सगळ्या फ्लॉप्यांच्या प्रती करून पर्समध्ये टाकल्या. विचारलं, तर – "घरी एक संच असावा, काका." पर्समध्ये! माझे दाते!

१९ नोव्हेंबर

दुर्मीळ रक्ताच्या नावांना शहरात गिऱ्हाईक असतं, असं ऐकून आहे.

२० नोव्हेंबर

बुलढाणा, चिखली नव्यात गेले. एकेक नाव मी पडताळलं. चूक सापडली नाही. तेच खटकतं.

मोताळ्याची फ्लॉपी काढून घेतली. दुकानातल्या जुन्या रेडिओच्या पेटीत आत सरकवली. म्हटलं, बघू काय करते! "मोताळा सापडत नाही बुवा," म्हणालो. ती हसली. "असू द्या काका, उद्या माझ्याकडची आणते."

म्हणजे मंडळाची नावं आता तिच्याकडून मागायची. आणि मी? नामधारी!

२१ नोव्हेंबर

अध्यक्ष किसनरावांकडे अर्ज दिला – मंडळाची नावं बाहेर जातात. ते सुपारी कातरत म्हणाले, "रमाकांतभाऊ, पोरगी तं चांगली दिसते हो!"

"दिसते," मी म्हणालो.

दुपारी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. तिने किल्ली टेबलावर ठेवली. "मोताळा तेवढा राहिला, काका." टोमणाच. दुसरं काय!

२३ नोव्हेंबर

मोताळा मीच भरणार. घाई नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दवाखान्यातून फोन. धाड गावची जनकाबाई, बाळंतीण, रक्त थांबेना. ओ निगेटिव्ह हवं. नव्यात पाहिलं – बुलढाण्याचा एकच, तो मुंबईला गेलेला. चिखलीत कोणी नाही. रोहिणखेडला एक आहे हे पक्कं आठवतं, पण नाव? रोहिणखेड मोताळ्यात!

दुकानात धावलो. फ्लॉपी आणून जुन्यात घातली. नुसता घरघरला. पुन्हा घातली. एक अक्षर नाही! पुन्हा दुकानात जाऊन पेटी उघडली. स्पीकर. त्याच्या मागे लोहचुंबक, मुठीएवढं. त्यालाच टेकवून ठेवली होती फ्लॉपी – चुंबकाने सगळं पुसलं. मी! ज्याची उमर स्पीकर उकलण्यात गेली!

जनकाबाईचा नवरा कचरू मंडळाच्या पायरीवर बसलेला. "भाऊ, सापडलं का हो कोनी?"

"पाहून राह्यलो," मी म्हणालो.

शरयूच्या घरी गेलो. कुलूप. दवाखान्यात काय तोंड घेऊन जाऊ? पण जायला तर हवंच.

२५ नोव्हेंबर

काल दवाखान्यात पोचलो तर खाटेवर रोहिणखेडचा सहदेव, दंडावर कापूस दाबून. नर्सने, ती अजून मंडळातच आहे समजून, शरयूलाही निरोप धाडला होता. तिने क्लासातल्या संगणकावर आपली प्रत लावली, नाव काढलं, जीप करून त्याला घेऊन आली. जनकाबाई वाचली.

सहदेव म्हणाला, "रमाकांतभाऊ, पोरगी म्हने तुमीच धाडलं तिले. म्हनून आलो. नाहीतं अनोळखी पोरीच्या मांगं कोन जीपमंदी बसते?"

ती दाराशीच उभी होती. मी दोघांना चहा आणून दिला.

किसनरावांकडे निघालो आहे. नुसता अर्ज मागे घ्यायला नाही – चुंबकाचं सांगायला.