डाव्या कडेची चिकटपट्टी

अण्णा, त्या पुस्तकाबद्दल मी माफी मागणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नाही.

चितेगावच्या कारखान्यात पॅकिंगला असलेल्या काकांनी पारदर्शक चिकटपट्टीचं उरलेलं रीळ आणलं. त्याआधी आपल्या घरात फाटलेलं सगळं खळीनंच जुळायचं. आई कणकेची खळ शिजवायची, कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायची आणि ते भांडं आमच्या हाताला लागणार नाही असं वर ठेवायची. रीळ आलं आणि खिडकीची तडकलेली काच, कॅलेंडर, माझं भूगोलाचं पुस्तक, सगळ्यांना पट्ट्या लागल्या. आई तर हरखूनच गेली. वाळायची वाट बघणं नाही, हाताला चिकचिक नाही! फक्त टोक हरवायचं, मग सगळं घर नखानं रीळ खरवडत बसायचं.

त्याच उत्साहात मी तुमचं शाळेतलं उर्दू पुस्तक काढलं. निजामाच्या राज्यात तुम्ही उर्दूत शिकलात, पोलिस ॲक्शननंतर कचेरीसाठी मराठी लिहायला-वाचायला शिकलात, हे ऐकून माहीत होतं. पुस्तकाची पानं सुटी झाली होती. मी ती रचली, मुखपृष्ठ वर ठेवलं आणि डाव्या कडेला झकास पट्टी मारली. उर्दू पुस्तक जिथून उघडतं, नेमकी तीच कड मी बंद केली. तुम्ही पट्टी ओढलीत, तर तिच्याबरोबर अक्षरंही निघून आली.

"कोनी सांगितलं व्हतं तुला हात लावायला?"

"मला कुठं वाचता येतं ते? शिकवा ना मग."

"काय करायचंय आता शिकून? गेले ते दिवस."

आई चुलीपासून म्हणाली, "पोरगी शिकते म्हनती, तर शिकवा की." तुम्ही पुस्तक कपाटात टाकलंत आणि तो विषय कायमचा मिटवलात. चिडायचा हक्क तुमचा, मान्य. पण चूक माझी नव्हती. तुमचं अख्खं बालपण ज्या लिपीत गेलं, तिचं एक अक्षर तुम्ही मला दिलं नाहीत. तुमचे दिवस गेले असतील अण्णा, माझे कुठं गेले होते?

म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी हट्टानं उर्दू शिकतेय. इथं पडेगावला शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात, सगळे त्यांना आपा म्हणतात. पहिल्याच दिवशी मी वही डावीकडून लिहायला घेतली, तर हसून म्हणाल्या, "अरे बाई, उलटी चली तुम. सीधे हाथ से आओ." चुकलं की रागावतात, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायला बसतात. एवढंच तर करायचं होतं हो तुम्ही.

हे पत्र तुमच्या लिपीत लिहायचं ठरवून बसले होते. 'अण्णा' एवढंच लिहून झालं. भांडायला पुरेल एवढी उर्दू अजून येत नाही, म्हणून मराठीत लिहिलं. कुठं पाठवायचं नाहीच आहे. तुम्ही मराठी बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचात, अडलं की माझ्याकडं बघायचात. शब्द मला लगेच यायचा, अण्णा. पण तुम्ही अजून जरा जवळ बसावं, म्हणून मी तो उशिरा सांगायचे.