डोळे शेवटी

सोमवार, ३ तारीख

आलो बाई एकदाच्या! दोन ट्रंका, एक शिवणाची पेटी आणि सहा वर्षांची लेक, चिमणी. एवढाच माझा संसार, पण तेवढ्यातही जिना चढताना हमालाला घाम फुटला. खोली लहान आहे, पण उजेड भरपूर. वर आम्ही, खाली कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर तीन खोल्या, एक लांबलचक टेबल आणि भिंतभर लोकरीचे गुंडे. इथे लोकरीची छोटी खेळणी विणतात. ससे, अस्वलं, हत्ती, टोपीवाल्या बाहुल्या, सगळं हातानं, क्रोशाच्या सुईनं. मला हे काम झोपेतही येतं. खरंच येतं, नवरा होता तेव्हा तक्रार करायचा की रात्री माझी बोटं चालतात. तो गेला, बोटं राहिली. त्या बोटांवरच आता पोरीला वाढवायचंय.

नवी नोकरी म्हणून नवी वही काढलीय. पहिल्या पानावर ताईचा नंबर लिहून ठेवलाय, चिमणीलाही पाठ करायला लावलाय. परक्या गावात पोर हरवली तर मावशीला तरी कळेल. चिमणीनं जाता-येता सगळ्या हत्तींना नमस्कार केला आणि आल्या आल्या खाली काम करणाऱ्या काकूंकडून लाडू उकळला.

बुधवार, ५ तारीख

माणसं ओळखीची झाली. काकू कापूस भरतात. दिवसभर पांढऱ्या बोळ्यांत बसलेल्या, हातात एक बोथट लाकडी काडी. खेळण्याच्या खालच्या भोकातून कापूस कोंबायचा आणि काडीनं पार कानापर्यंत पोचवायचा. तोंडही काडीसारखंच चालतं, तोंडात तीळ भिजत नाही. मग मामी. त्या कुणाच्याच मामी नाहीत, पण सगळे तसंच म्हणतात. त्या शेवटचं भोक लोकरीनं आवळून शिवतात आणि दिवसभरात दहा शब्द बोलतात. मी विणायला. मधोमध एक फास, त्यात सहा टाके, मग बारा, मग अठरा. पोट आपोआप गोल होत जातं.

आणि मोठ्या बाई, मालकीण. उजवा डोळा काचेचा, डाव्यात मोतीबिंदू. खेळण्यांना डोळे मात्र त्याच लावणार, आणि अगदी शेवटी, पोट भरून, भोक शिवून झाल्यावर. आपल्या खोलीत जाणार, दार लावणार, काळ्या दोऱ्यानं एक डोळा भरणार आणि दुसरा भरताना पहिल्यावर अंगठा दाबून धरणार. मी दाराच्या फटीतून बघितलं आणि हसू दाबत पळाले. एकदा डोळे आले की त्या खेळण्याला पुन्हा सुई लागत नाही. कान वाकडा राहिला तर वाकडाच विकायचा.

मी चहाच्या वेळी विषय काढला. म्हटलं, बाजारात प्लास्टिकचे काळे डोळे मिळतात, मागे दांडी असते. कापूस भरायच्या आधी आतून चकती दाबली की कट्ट वाजतं आणि डोळा जन्मात निघत नाही. बाईंनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या की या घरात डोळे शेवटी. का, ते नाही सांगितलं. काकूंनी तर चहा अर्धा टाकून काडी उचलली.

शनिवार, ८ तारीख

बाई डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या. आठवडाभर दवाखान्यात. बारा सशांची ऑर्डर अर्धवट पडलीय, गिऱ्हाईक दिवसाला तीन फोन करतं, आणि बाईंचा निरोप काय, तर मी येईपर्यंत ससे बिनडोळ्यांचेच राहू देत. अहो, पण का? ज्या बाईला स्वतःला दिसत नाही तिनंच डोळे लावायचे? पहिल्याच ऑर्डरला माझं नाव खराब झालं तर मी पोरीला घेऊन कुठं जाऊ?

सोमवार, १० तारीख

केलं! माझ्याकडच्या पेटीत प्लास्टिकचे डोळे होतेच. सकाळी बसले आणि बारा सशांना चोवीस डोळे बसवले. कट्ट, कट्ट, कट्ट. काय दिसतात म्हणून सांगू! एकदम जिवंत. मग काकूंनी कापूस भरला, मामींनी भोकं शिवली. दोघी आधी कुरकुरल्या. मी म्हटलं, बाई रागावल्या तर माझ्यावर ढकला.

गंमत म्हणजे काकू चहाला उठल्या तेवढ्यात चिमणीनं काडी घेतली आणि शेवटचा ससा स्वतः भरला. भरला कसला, कोंबला! पोट टम्म. मामींनी कसाबसा शिवला. चिमणीनं त्याचं नाव पोटफुग्या ठेवलं आणि मला हवा म्हणून भोकाड पसरलं. ऑर्डरचा माल आहे म्हणून मी हातातून काढून घेतला. बारा ससे खोक्यात घातले. बाईंनी बघितल्याशिवाय माल बाहेर पडत नाही, म्हणून खोकं टेबलाखालीच ठेवलंय.

झाकण लावताना सगळे माझ्याकडेच बघत होते. डोळे चांगले बसले की असं वाटतंच.

बुधवार, १२ तारीख

काकू गेल्या.

गेल्या म्हणजे मारलं कुणीतरी. भर दुपारी, चहाच्या वेळी. मी आणि मामी मागच्या ओट्यावर होतो, काकू आत एकट्या. हाक मारली, उत्तर नाही. आत गेले तर काकू खुर्चीतच बसलेल्या. तोंड उघडं, इतकं उघडं की जबडा खाली उतरलेला, आणि आत कापूस. नाकपुड्यांत कापूस, कानांत कापूस. गळा फुगून दुप्पट झालेला. लाकडी काडी घशात मुठीपर्यंत गेलेली. पोलिसानं ती ओढली तेव्हा लाल बोळे बाहेर येतच राहिले, येतच राहिले.

पोलीस म्हणतात, दोन माणसांची तरी ताकद लागली असणार. गावातून कुणी हलायचं नाही, म्हणाले. मी ताईला फोन केला.

गुरुवार, १३ तारीख

ताई पहाटेच्या गाडीनं आली आणि चिमणीला घेऊन गेली. ताईला मूलबाळ नाही, चिमणीवर जीव टाकते. माझ्या बाळंतपणात हिनंच माझं हगणं-मुतणं काढलं होतं. मला म्हणाली की तूही चल, खड्ड्यात गेले पोलीस. मी म्हटलं, चार दिवसांत येते. चिमणी रडली नाही. पिशवी छातीशी घट्ट धरून शहाण्यासारखी गेली. पोर सुटली या घरातून, आता माझं काय व्हायचं ते होवो.

खाली केर काढताना पांढऱ्या लोकरीचा एक धागा सापडला. टोकाला तपकिरी काहीतरी वाळलेलं. तो काकूंच्या खुर्चीपासून टेबलाखाली जात होता. खोक्याकडे.

मी खोकं उघडलं नाही. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

शुक्रवार, १४ तारीख

मामी.

जिवंत सापडल्या. अकरा वाजता, लख्ख उन्हात, लोकरीच्या खोलीत. ओठ शिवलेले. पांढऱ्या लोकरीनं, गोल गोल टाके घालून, शेवटी आवळून गाठ. मामींचीच गाठ, मी रोज बघते ती. नाकही शिवलेलं. छाती वर-खाली होत होती आणि आत हवा जात नव्हती. मी कात्री शोधली. कात्री कुठं असते? रोज हाताशी असते, आज नाही! दातांनी टाका तोडायला गेले, माझं तोंड त्यांच्या रक्तानं भरलं. लोकर तुटेना. मामी माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. मग बघायच्या थांबल्या.

मागे वळले. टेबलावर ससे रांगेत बसलेले. पुढचे पाय लाल.

मी पळाले. वरच्या खोलीला कडी लावून बसलेय. पोलीस आले, गेले. तोवर ससे परत खोक्यात, पाय धुतल्यासारखे पांढरे. त्यांना खोक्यात ससेच दिसले, दुसरं काय दिसणार. मला विचारतात, मामींच्या तोंडाला तुमच्या दातांच्या खुणा कशा?

शनिवार, १५ तारीख, सकाळ

बाई आल्या, डाव्या डोळ्याला पट्टी, रिक्षावाल्याचा हात धरून. मी पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत.

म्हणाल्या की डोळे आल्यावर खेळण्यांशी जे जे कराल ते ते ती बघतात, आणि तेच परत करतात. भरणाऱ्याला भरतात. शिवणाऱ्याला शिवतात. म्हणून डोळे शेवटी. म्हणून दुसरा भरताना पहिल्यावर अंगठा. मी म्हटलं, जाळून टाकू. म्हणाल्या, जाळणारा जळेल. कात्री लावू? तर लावणाऱ्यालाच कात्री.

आणि डोळे बसवणाऱ्याला काय? बाईंनी आपल्या काचेच्या डोळ्यावर नखानं टकटक केलं. तरुणपणी त्यांनी एका बाहुलीला एक डोळा आधी लावला होता, आणि भरलीही स्वतःच. डोळा गेला. भरणं मात्र चुकवलं. कसं? ज्याचा हात शेवटचा, तोच त्यांच्या लक्षात राहतो. बाईंनी धाकट्या बहिणीला ती बाहुली दिली, म्हटलं, पोट जरा उसवून परत भर गं. बहिणीनं भरलं. आठ दिवसांनी बहीण कापसात सापडली.

हे सांगताना बाई रडल्यासुद्धा नाहीत. मनात आलं, ही बाई की कसाई! पाठची बहीण!

म्हणाल्या, तू फक्त डोळे लावलेस, जीव वाचेल तुझा. आणि मग विचारलं की सगळे ससे काकूनंच भरले ना.

चिमणी. माझी चिमणी! पोटफुग्या तिनं भरलाय.

शनिवार, दुपार

बाईंना सांगितलं, मी भरते त्याला परत. माझ्या हातानं. मला घेऊ देत, पोरीला सोडू देत. खाली गेले. खोकं ओढलं. हात घातला.

अकरा.

पुन्हा मोजले. टेबलाखाली, कपाटात, लोकरीत. अकराच. पोटफुग्या नाही. गुरुवारी पिशवी छातीशी धरून गेली. रडली नाही. का रडली नाही, ते आत्ता कळलं मला. अगं माझे बाई गं!

मागे बाई किंचाळल्या. एकदाच. त्या खोक्याजवळ उभ्या होत्या, झाकण लावायला गेल्या होत्या, आणि पांढरी लोकर त्यांचंच तोंड झाकत होती. मी वर आले. कडी लावली. दाराच्या खालच्या फटीतून लोकर आत येतेय—

शनिवार, थोड्या वेळानं

ताईला फोन लागला. चिमणी मजेत आहे. ससा कुशीत घेऊनच झोपते म्हणाली. आज सकाळी तो आपला आपण कुशीतून उशीवर येऊन बसला म्हणते, म्हणून चिमणी खूश आहे.

गाडीनं गेले तरी सहा तास. तोवर—

मी ताईला काय सांगितलं ते इथं लिहिते, कारण कुठंतरी लिहिलंच पाहिजे. सांगितलं की त्या सशाचं पोट कडक झालंय, पोरीला टोचेल. खालचा टाका उसव, कापूस काढ आणि हलक्या हातानं परत भर. तूच भर, ताई. आवाज गोड ठेवला. बाईंना कसाई म्हणाले होते ना मी, सकाळीच. ताई, माफ कर गं. मला एकच पोर आहे. तुला तर एकही—

हे काय लिहिलं मी.

ताई हसली. म्हणाली, एवढंच ना? थांब, आत्ता करते. मग म्हणाली की चिमणीच हट्ट धरून बसलीय, काकूंनी शिकवलंय म्हणते, मलाच येतं म्हणते. हौस आहे पोरीला. तिच्याच हातानं भरून घेते.

मी ओरडले. नको, नको, तिला हात लावू देऊ नको! ताई म्हणतेय आवाज तुटतोय. हॅलो, हॅलो म्हणतेय. मागे चिमणी हसतेय, टाका निघाला म्हणतेय—

पायावर काहीतरी चढलं. मऊ.

फोन पडला. कॉटखाली गेला. कॉटखाली ते—

कट्ट.

उजवा गेला. पुढून नाही, आतून दाबतात, मागून. वहीवर रक्त. एकानंच लिहितेय. ओळ दिसत नाही नीट.

ज्याला ही वही मिळेल त्यानं आधी पहिलं पान काढा. ताईचा नंबर आहे. पोलिसांना नंतर. आधी तिला सांगा, पोरीच्या हातातून काडी घे, तूच भर, अजून भरलं नसेल, हळू भरते ती, एकेक बोळा, सांगा तिला, चिमणे, बाळा, आई ओरडणार नाही, ठेव खाली, नुसता ठेव खा

कट्